पॉवरहाऊस, राधानगरी

रजिस्टरात सही. चपला बाहेर काढायच्या का,
आक्कानं विचारलं, देवळात विचारावं तसं.
"नको, नको!" आण्णाप्पा चौगले ओरडले.
अठ्ठावीस वर्षं ते ओरडूनच बोलतात.

पायऱ्या उतरलो. पाणी कुठेच नव्हतं.
एक काटा तेवढा थरथरत होता
आणि तळपायांतून दातांपर्यंत चढणारी घरघर.
त्यांनी माझा हात धरून लोखंडावर टेकवला,
"हितनं पळतंय बघा."
गाभण म्हशीच्या पोटावर ठेवावा तसा
मी तो बराच वेळ ठेवला.

बाहेर, मागच्या अंगाला, भोगावती
सांडत होती, काही घडलंच नाही अशी.
काठावर एक बाई गोधडी आपटत होती.

फाटकाशी चौगले पुन्हा ओरडले,
"चहा घेऊनच जावा!"

झाडावरचे बगळे
हललेसुद्धा नाहीत.