हातचा राखलेला उजेड

तळघरातलं टेबल हवेवर तरंगतं,
तरी अकरा चाळीसची ट्राम
वरच्या रस्त्यावरून वळली
की पडद्यावर पेशी शहारते.
"थांब," एडेलट्राउट म्हणते. "जाऊ दे तिला."

थुईला थांबायचं नाहीये.
तीन आठवडे जोपासलेली बशी,
सोमवारी दाखवायची चित्रं,
आणि ही तंतुकणिका, हिरवी, आळसावलेली,
एक आहे की दोन, तेच कळेना.

येना गावात एक दगड आहे, त्यावर कोरलेलं सूत्र:
इतकंच दिसेल, याहून बारीक नाही.
एडेलट्राउटचा बाप त्या दगडापाशी डबा खायचा,
भिंगं घासून घासून बोटांचे ठसे गेलेला माणूस.
पोलिसांनी एकदा शाईत बुडवली त्याची बोटं,
कागदावर उमटले दहा कोरे डाग.
हे ती हसत सांगते,
आणि मध्येच हसायची थांबते.

दगड खोटं बोलत नाही.
कुणीतरी फक्त आडवाट काढली:
एक उजेड पेटवायचा,
त्यावर दुसरा ठेवायचा, चुंबळीसारखा,
तो पहिल्याला कडेकडून विझवत येतो.
चुंबळीच्या भोकात जे उरेल
तेवढंच टिपायचं,
मग सरकायचं केसाच्या हजाराव्या हिश्शाने.

"लेझर वाढव."
वाढवला.
दोन!
दोन आहेत, मध्ये काळी फट,
थुई खुर्चीतून अर्धी उठलेली.

चाळीस सेकंद.
मग तंतू आखडले, फुगले,
माळ तुटल्यासारखे मणी मणी झाले.
पेशीच्या कडेला फोड आले, एक, मग बरेच.
आवाज कशाचाच नाही,
यंत्राचा पंखा तेवढा.

"मेली?"
"आपण पाहिलं ना तिला," एडेलट्राउट म्हणाली,
आणि नवी बशी लावली.

या खेपेला तिने उजेड हातचा राखला.
चित्र आलं ते वाळू सांडल्यासारखं.
थुई बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, आई हनोईहून इथे आली
ती कारखान्यात शर्ट शिवायला,
रात्री वसतिगृहात चोरून जीन्स शिवायची,
दिव्यावर टॉवेल टाकून,
दाराखालून फट दिसू नये म्हणून.
"टाका दिसायचा?"
"ती म्हणते, नाही. पण चुकायचा नाही."

कॉम्प्युटर वाळूतून रेघा जुळवतो.
"हे खरं आहे, की याचा अंदाज?"
"मार्चनंतर तू ठरव. मी घरी असेन."

पहाटे पेशी गोल होऊ लागली,
दुभंगण्याआधी होते तशी.
थुईचा हात बटणाकडे गेला,
एडेलट्राउटने काही म्हटलं नाही,
कोटाची बाही शोधत राहिली.

वर पहिली ट्राम.
दोघी थांबल्या.
ट्राम गेली,
तरी लेझर बंदच होता,
आणि सदतीस अंशांच्या उबेत, काळोखात,
एक होती
की आता दोन,
कुणी मोजत नव्हतं.