तीन लांब

तोझ येऊन गेला की दुसऱ्या दिवशी
हवल्लीत मेलेल्या मशिनांची रांग लागते.
काउंटरवर पिठासारखी वाळू,
बोट फिरवलं तर अक्षर उमटेल अशी.

उस्ताद रिफअत पेटी काखोटीला मारून आले,
चष्मा घामाने नाकाच्या शेंड्यावर.
"मेला," म्हणाले. "सकाळपासून हूं नाही की चूं नाही."
मग हळूच, "फाइली तेवढ्या वाचव."

मेला हा शब्द मी दिवसातून वीसदा ऐकतो.
बहुतेकदा खोटा निघतो.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा हिरवा,
पडदा काळा.
मीटर लावला: बाराला अकरा पूर्णांक नऊ. चालेल.
ग्राफिक्स कार्ड काढलं, हार्ड डिस्क काढली,
डीव्हीडीचा ड्राइव्ह तर कधीचाच शोभेला.
उरले बोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक पट्टी.

"संशय एका वेळी एकावरच घ्यायचा,"
हे शिकवणारा संगमेश्वरचा बशीर पारकर
आता दोह्यात असतो.
"सगळ्यांवर एकदम घेतलास
तर निर्दोष कोण तेही कळायचं नाही."

तरी काळा. तरी गप्प.
आणि त्या गप्प बसण्यालाच मी अडखळलो.
इतकं उघडं केल्यावर, चूक कुणाची का असेना,
बोर्डाने ओरडायला हवं होतं.

टॉर्च मारला. खालच्या कोपऱ्यात
चार पिना उघड्या.
स्पीकरच नव्हता.
स्वस्तातली पेटी, कुणी बसवलाच नव्हता कधी.

डबीतून माझा काढला,
लाल-काळी वायर, हरभऱ्याएवढं तोंड.
लावला. बटण.

टूँऽऽ
टूँऽऽ
टूँऽऽ

उस्ताद खुर्चीतून उठले.
"हा सकाळपासून असाच ओरडतोय?"
"बहुतेक," मी म्हणालो.

पट्टीच्या सोनेरी दातांवर वाळूचा लेप.
खोडरबर काढलं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं,
मागच्या सुट्टीत मुलीच्या दप्तरातून
न विचारता आणलेलं.
घासलं. खाच ब्रशने झाडली.
दोन्ही टोकांना टक्, टक्.

एकच आखूड बीप.
पडद्यावर तारीख: एक जानेवारी, दोन हजार दहा.
"सेलपण गेलाय, उस्ताद. अर्धा दिनार."
त्यांनी ऐकलं नाही. ते अर्ज मोजत होते,
वजारतीबाहेर, सावली सरकेल तशी खुर्ची सरकवत
लोकांसाठी टाइप केलेले.

मला अरबी येत नाही, आकडे येतात.
एका अर्जात पगाराच्या शब्दापुढे तीन होता.
खाली नाव,
आणि अंगठ्यासाठी मोकळा चौकोन.

जाताना म्हणाले, "तो दाणा राहू दे आत."
माझ्याकडे दुसरा नव्हता.
राहू दिला.

संध्याकाळी पुढचं गिऱ्हाईक दारातूनच म्हणालं, "मेला."
मी सवयीने डबी उघडली.