कोरा रकाना

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात
माडीवर माझं टेबल.
खालच्या मागांच्या खडखडाटानं
चहाच्या कपात दिवसभर वर्तुळं उठतात.
माझं काम रिपोर्टचं:
मथळा ठळक, तारीख उजवीकडे, बेरीज तळाला.
आकडे कुठून येतात
हे मी अकरा वर्षं विचारलं नव्हतं.

मग मार्चच्या पगारात
गुंडला नरसय्या यांच्या नावावर
नऊशे चाळीस डझन चढले.
नरसय्या जिना चढून आले, टोपी काढली, म्हणाले,
"एवढं मी विणलो असतो तर बाई,
कारखाना माझाच असता की ओ."

नरसय्या गुंडला दोन होते.
एक दिवसपाळीला, एक रातपाळीला.
मी दोन्ही टेबलं नावावर जोडली होती.

शनिवारी हत्तुरे सरांनी शिकवायला घेतलं.
फळा, वाळत आलेला निळा मार्कर,
आणि सुरुवातीलाच, "हे बघा, उभे धागे, आडवे धागे..."
मी म्हटलं, सर, माग नको.
या गावात लग्नाच्या भाषणातसुद्धा माग येतो.
ते हसले. जेवणाचा डबा फळ्याखाली ठेवला.
"बरं. कॅन्टीनच्या फळीवर चाळीस डबे.
तिघांवर कोरलंय 'अंबुबाई'.
तुमची शेंगाचटणी कशी ओळखाल?"
झाकण हलवून, मी म्हटलं.
"मशीन झाकण हलवत नाही.
त्याला नंबर लागतो. एकाला एक.
दुसऱ्याला तोच कधीच नाही."

पुढे म्हणाले, एक गोष्ट एकाच जागी लिहावी.
पत्ता कारागिराच्या टेबलात,
बाकी सगळीकडे फक्त त्याचा नंबर.
मी वहीत उतरवून घेतलं, आणि मला आई आठवली.
आम्ही विडी घरकुलात राहायला गेलो तेव्हा
तिनं नऊ ठिकाणी पत्ता बदलला.
दहावं राहिलं.
तिच्या फंडाची पत्रं दोन वर्षं
जुन्या खोलीच्या दाराखालून आत सरकत होती,
तिथं राहणारे ती चुलीला लावत होते.

सोमवारी नंबरावर जोडलं.
नरसय्या आपापल्या डझनांवर परत आले.
पण माणसं मोजली तर एक कमी.
कारागिरांच्या यादीत सत्तावन्न, रिपोर्टात छप्पन्न.
सरांना फोन लावला.
"दोन्हीकडे जुळतं तेवढंच येतं, बाई.
डावीकडचं टेबल अख्खं धरा,
उजवीकडे सापडो न सापडो."

धरलं.
तेवीस आणि पंचवीसच्या मध्ये
यमूल अनसूया, कांड्या भरणारी,
नाव आलं, पाळी आली,
आणि पुढचा रकाना कोरा.

हाताची सवय. मी तिथं शून्य टाकायला गेले.
कोरं दिसलं की मालक ओरडतात.
पण सर फळ्यावर दोनदा गिरवून गेले होते:
शून्य म्हणजे आली, बसली, एकही कांडी भरली नाही.
कोरं म्हणजे आपल्याला माहीत नाही.

मी शून्य खोडलं.
रकान्याला बारीक चौकट दिली, फिकट राखाडी,
म्हणजे नजर तिथं अडकावी.

मालकांनी कागद उलटसुलट केला.
"हे छापायचं राहिलंय काय?"
नाही, म्हटलं.
विचारायचं राहिलंय.