रातांब्याची जागा

वाडीचा नकाशा मी काढला
माझ्याच हृदयाच्या आलेखावर.
चौकटी आयत्या होत्या, आणि कागद
दापोलीच्या डॉक्टरांनी 'जपून ठेवा' म्हटलेला.
एक चौकट म्हणजे एक वीत.
वरच्या दोन रेघांमधल्या पट्टीत लाल माठ,
खाली, जिथे रेघ अचानक डोंगर चढते,
तिथे पडवळाचा मांडव.

कुंदाने चष्मा लावून पाहिलं.
'मोरीचं पाणी कुठे जातं ते काढलंत का?'
नव्हतं काढलं.
'आणि वानर कुठून येतात?'
तेही नव्हतं.
तिने पेन्सिल घेतली. मोरीपासून
एक वाकडी रेघ ओढली केळीपर्यंत,
केळीखालून अळवाला.
गडग्यावर तीन फुल्या मारल्या, म्हणाली,
'इथे काही गोड लावायचं नाही.'

आंजर्ल्याच्या खाडीच्या या अंगाला
जमीन म्हणजे जांभा.
पहार टाकली की ठिणगी, आणि ओंजळभर लाल कीस.
मला वाकायची परवानगी, उचलायची नाही,
म्हणून बाळा भुवड आला, खड्डे मारून गेला,
जाताना म्हणाला, 'भाऊ, माती इकत घेवा,
नायतर पातेरा कुजवा.'
पातेरा कुजवला. राख, शेण, सुकटाचा चुरा.
महिनाभर गावातली मांजरं आमच्याच दारात.

जुलेखाभाभीने तवशाचं बी दिलं,
राखेत घोळवून भिंतीला शेणाने थापलेलं,
सोबत अट:
'पहिलं तवसं माझं. दुसरं वानराचं.
तिसऱ्यापासून तुमचं.'
हिशेब चोख होता,
फक्त वानराला मोजता येत नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात विहीर मचूळ झाली.
मिरची रुसली, वांगी कडवट.
शेवग्याला काही फरक पडला नाही,
तो तसाही कुणाचं ऐकत नाही.
शिंपणं मोजून: सकाळी चार कळश्या,
उन्हं कलली की तीन.
कळशी कुंदाची, तांब्या माझा.

आणि मोरीच्या वाटेवर, जिथे ती
आमसुलं घालताना बिया फेकते,
एक रोप उभं होतं. कोवळं पान तांबूस.
नकाशात त्याला जागा नव्हती.
रोपवाटिकेतला मुलगा म्हणाला, 'काका, कलम न्या.
बियांचा रातांबा निम्म्याने नर निघतो.
सात वर्षं पाणी घालाल,
मग कळेल.'

सात वर्षं.
घरी येऊन मी आलेख उघडला.
रेघ फिकी पडत चालली आहे,
तसला कागद असतोच असा, उजेडाने पुसणारा.
कुंदाची पेन्सिल तेवढी ठळक.
माझा डोंगर कुठे होता
ते आता पडवळावरून ओळखायचं.

'नर निघाला तर?' मी विचारलं.
ती वालाच्या शेंगा सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
'सावली तरी पडेल. आणि भाभीच्या झाडाला
कुणीतरी लागेलच की.'

संध्याकाळी रोप हलवलं,
गडग्यापासून सहा हात,
मुळांभोवतीच्या मातीसकट.
तिने दोन्ही हातांत धरलं,
मी तांब्या घेऊन मागे.
मग कागदाच्या कडेला, जिथे आलेख संपतो
आणि डॉक्टरांची सही आहे,
तिथे एक गोल काढला.
आत काही लिहिलं नाही.