साडेआठ बोटं

अंगठी आधी काढ, मॉराग म्हणाली.
चहाच्याही आधी.
साबण लावून, पीळ देऊन काढली;
बावीस वर्षांनी अनामिकेवर
एक फिकट, ओलसर पट्टा उघडा पडला.
स्कार्फ खाली ठेव. केस टोपीत कोंब.
जॅकेटच्या नाड्या आत खोच.
लग्नाला निघालेली बाई जे जे करते
त्याच्या बरोब्बर उलट.

प्लॉकटन अजून झोपलेलं.
काठावर ताडासारखी झाडं, ओळीनं;
हे खरे ताड नव्हेत, असं ती दरवेळी सांगते
आणि मी दरवेळी मनात हर्णै म्हणून घेते.

आमच्याकडे शेत उकरतो तो नांगर,
आणि गाळात रुतून बसतो तोही नांगर,
हे तिला पहिल्या वर्षी सांगितलं होतं.
हसली. तिचा तर आकारही फाळाचाच.
म्हणजे तुम्ही समुद्रात पेरता?
पेरतो, म्हटलं,
उगवतं की नाही ते उपटल्यावर कळतं.

आज पहिल्यांदा मी नाळेवर, ती सुकाणूला.
रात्रभर ताण सोसलेला जाड दोर आधी सोडवला.
झोपताना ओझं दोरावर टाकायचं, यंत्रावर नाही,
दिवसभर राबणाऱ्याला रात्री तरी
कुणी उभं ठेवू नये.
मग इंजिन. ते धडधडू लागल्यावरच
विंडलासचा खटका.
पायाखाली बटण, पुढ्यात दातेरी चाक,
आणि साखळी वर येऊ लागली,
कुणीतरी माळ्यावरून
एकेक भांडं खाली देत असल्यासारखी.

वाऱ्यात शब्द टिकत नाहीत.
साखळी जिकडे ताणलेली, तिकडे मी हात करते,
ती तिकडे बोट हळूच पुढे नेते;
जेवढी सैल पडेल तेवढीच गोळा करायची.
एकानं हातांवर लड धरावी, दुसऱ्यानं गुंडा करावा,
तसं.
यंत्रानं बोट ओढायची नाही,
बोटीनं यंत्राला सूट द्यायची.
तीसचा पिवळा रंग गेला. वीसचा लाल.

आणि लालच्या पुढे अडकली.
एक कडी दातावर आडवी चढलेली,
एवढीशी, अगदी एवढीशी.
हात आपला आपणच निघाला.
मुलाच्या गालावरची पापणी टिपायला जातो ना,
त्याच सहजपणे. विचार नव्हता त्यात.

हेमॅन्गी.

ओरडली नाही. नुसतं नाव, आणि तेही चुकीचं.
वळून पाहिलं तर तिची मूठ वर होती:
थांब.
मिटलेल्या मुठीत किती बोटं आहेत
ते दिसत नाही.

बटणावरून पाय काढ. साखळीला अडकण लाव.
आता खाली जा आणि मेन स्विच बंद कर,
नुसतं बंद आहे असं म्हणू नकोस, कर.
मग दांडा घे. दांडा. हात नव्हे.
लॉकरमध्ये साखळीचा शंकू झाला होता,
पार वरपर्यंत चढलेला;
झाडूच्या काठीनं तो पाडला. कडी सुटली.

तिची अनामिका नाही, मध्यमा अर्धी.
गावातल्या पोरांना ती शार्क सांगते,
पबमध्ये सील.
मला कधी काही सांगितलं नव्हतं,
मीही विचारलं नव्हतं.
सुकाणूवरून हात न काढता म्हणाली,
घाईबिई काही नव्हती गं.
हवा अशीच छान होती.

नांगर वर आला तो काळ्या चिखलात बरबटलेला,
फाळाला शेवाळाची जुडी,
जुडीत नखाएवढा खेकडा, रागावलेला.
उगवलं बघ, मॉराग म्हणाली.
बादलीनं धुतला. खिळ घातली.
खेकडा परत पाण्यात.

स्कायच्या दिशेला वळलो तेव्हा
चहा विसरून गार झाला होता.
तो तसाच प्यायलो.
अंगठी साखरेच्या डब्यात आहे
हे मला थेट संध्याकाळी आठवलं,
आणि तेही
मॉरागच्या चमच्याला काहीतरी टक्कन लागलं म्हणून.