अर्जापुरत्या कोंबड्या

कोंबड्या अजून आणल्या नाहीत.
आधी जुन्या कूलरची मोटर काढली,
वाळ्याच्या जागी जाळी ठोकली,
मग दुपट्टा बांधून भर एप्रिलात
झोन ऑफिसात गेलो.

बाबू म्हणाले, "कुत्र्याचा फॉर्म आहे,
म्हशीचं वरच्या माळ्यावर विचारा.
कोंबडी... किती?"
चार.
"कोंबडा?"
नाही जी.
"मग ठीक. म्हणजे ठीक असं नाही,
पण कोंबडा नाही, हे लिहा."

लिहिलं. भिंतीपासून अंतर लिहिलं,
विष्ठेची विल्हेवाट लिहिली.
शेजारच्या ठवरेबाईंनी चष्मा पुसून
तीनदा वाचलं, सही केली,
आणि खाली बारीक अक्षरात:
अंडी मिळाल्यास हरकत नाही.

बाबू हसले नाहीत. आवकचा शिक्का मारला.
"नियम पाहून कळवू."
मी उठलो तसे हळूच म्हणाले,
"कूलर तीन फुटी का?
आमची माय डालग्याखाली झाकायची,
उमरेडला. वरून दगड."

मे लागला.
कळवलं नाही अजून.
कूलरात रोज पाण्याची वाटी भरतो,
उगाच, सवय राहावी म्हणून.
दुपारी एक साळुंकी येते,
आत शिरून पिते,
पंख झाडून तिथंच बसते घडीभर.
मी तिला काही विचारत नाही.