आलबेल

धुकं बियोबियो नदीवरून उठून
तिसऱ्या मजल्यापर्यंत आलंय.
निबाल्दोनं जाताना हीटरवर किटली ठेवली,
रात्र माझ्या हवाली केली, म्हणाला,
सगळं हिरवं आहे, रोसाउरा.

एकशे चौदा सर्व्हर, एकशे चौदा हिरवे ठिपके.
दक्षिणेतले सगळे सरकारी दवाखाने
या ठिपक्यांच्या मागे कुठेतरी झोपलेले.
सरासरी प्रतिसाद दोनशे दहा मिलिसेकंद,
पापणी लवते न लवते तोच उत्तर.
सरासरी मोठी समंजस बाई,
सगळ्यांचं ऐकून घेते
आणि कुणाचंच काही सांगत नाही.

म्हणून मी शेपटीकडे बघते.
आलेखाच्या उजव्या टोकाला, जिथे
नव्व्याण्णव जण काम उरकून घरी गेलेत
आणि शंभरावा अजून दारात उभा आहे.

शंभरावा रोज पावणेपाचला यायचा.
एकतीस सेकंद. कधी चाळीस.
आधी वाटलं, एखादी क्वेरी कण्हतेय.
इंडेक्स तपासले, कॅशे रिकामा केला,
विहीर उपसावी तसे लॉग उपसले.
तळाशी एक नाव लागलं: ई. चिगुआय.
चिलोएच्या खाली, नकाशाचे तुकडे होऊन
समुद्रात पडतात तिथला,
एका खाटेचा दवाखाना.

फोनवर म्हणाला, वारा पडला की अँटेना धरते, बाई.
पावणेपाच ते पाच. तेवढ्यात पाठवतो सगळं,
ऑक्सिजनच्या टाक्या किती, ताप कुणाचा उतरला,
डोन्या क्लोरिंदाच्या पायाच्या जखमेचा फोटो.
फोटोच जड होतो. माफ करा.

माफी कसली, म्हटलं.
इशाऱ्याची मर्यादा तीसवरून साठ सेकंदांवर नेली,
शेऱ्यात लिहिलं:
बिघाड नाही. माणूस आहे.

चौदा महिने.
पहाटे आलेखावर एक सुळका उठायचा,
कुणी खाकरावं तसा.
तेवढ्यात मी मातेचा दुसरा पेला भरायची.
निबाल्दो म्हणायचा, आला का तुझा पाहुणा?

मंगळवारी आला नाही.
वारा असेल.
बुधवारीही नाही.
गुरुवारच्या अहवालात एक ओळ होती:
प्रतिसाद-वेळेत लक्षणीय सुधारणा.
पोर्तो मोंतहून साहेबांनी अंगठा पाठवला.

मंद उत्तराला मी घंटा बांधली होती,
चुकीच्या उत्तराला,
भरत आलेल्या डिस्कला, तापलेल्या प्रोसेसरलाही.
न आलेल्या प्रश्नाला बांधायचं
सुचलंच नव्हतं.

त्याचा फोन लागेना.
केयॉनच्या बंदरात एक कारकून सापडला,
त्यानं विचारलं, तुम्ही त्याच्या कोण?
काय सांगणार.
म्हटलं, त्याची वाट बघणारी.
तो हसला नाही. म्हणाला, लाट मोठी आहे,
बाउदिलिओची होडी शनिवारी जाईल, गेली तर.

शुक्रवारी नवा नियम लिहिला:
पाचपर्यंत त्या बेटावरून कुणी आलं नाही
तर मला उठव.
मी जागीच असते, तरी लिहिला.

आज शनिवार उलटून रविवार लागलाय.
सहाला नोंदवहीत आलबेल लिहून सही करायची असते.
कालचा रकाना मी कोरा सोडलाय,
परवाचाही.

चार एक्कावन्न.
एक जोडणी उघडली आहे.
बेटाचा पत्ता. काहीतरी जड,
कणाकणानं वर चढतंय.
नाव लॉगमध्ये शेवटी उमटतं,
काम पुरं झाल्यावर. तोवर
तिकडे तोच आहे की दुसरं कुणी
त्याच्या खुर्चीत, हे मशीनलाही ठाऊक नाही.

एकोणतीस. तीस.
किटली शिट्टी घालतेय, घालू दे.
साठाला जोडणी तोडायचा नियम आहे,
तोही माझाच.
मी तो काढून टाकते.

सदतीस.